निवडक कांदे घ्या म्हणतात, पण किती?



दिवाळी आटोपली. आमच्या देवपूर शिवारात ज्यांनी उन्हाळी कांदा चाळीत राखून ठेवलाय, ते आता उळं धरायला कांदे निवडायला बसलेत. कार्तिकात कांदा लावायचा, माघ-फाल्गुनात डेंगळे फुलायचे, चैत्र-वैशाखात गोंडे खुडायचे. हे काम आपल्याकडं सगळ्यांना येतं. त्यातली एकच गोष्ट मला येत नव्हती. ती शिकायला दहा वर्षं गेली आणि पाऊण एकर कांदा गेला. तीच आज लिहितोय.

२०१३ च्या हिवाळ्यात चाळीतल्या ढिगात काही कांदे फार सुंदर निघाले. गोल, बारीक मानेचे, विटकरी लाल, नोव्हेंबर आला तरी कोंब नाही. मी त्यातले वीस बाजूला काढले आणि बांधाकडच्या वाफ्यात लावले. काही सडले, काहींना डेंगळाच आला नाही. दहाबारा झाडांचं उळं हाती लागलं, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. त्याचा दोनेक गुंठे कांदा झाला, आणि काय कांदा झाला! सगळा एका साच्यातला. मला वाटलं, आपण वाण धरला.

मुख्य कांदा मी दुसऱ्या उळ्याचा करायचो. हा लाडका वाण वेगळा राखायचो. उळ्यापासून कांदा आणि कांद्यापासून उळं, अशी एक फेरी पुरी व्हायला दोन वर्षं लागतात. २०१५, २०१७, २०१९, २०२१. दर फेरीला दोन गुंठ्यातून सगळ्यात देखणे वीस कांदे निवडायचे, त्यातली दहाबारा झाडं उळ्यावर यायची. निवड इतकी कडक की घरच्यांनी हात लावलेला मला चालायचा नाही.

तिसऱ्या फेरीपासून रोप जरा सावकाश वाढायला लागलं. गादीवाफ्यावर मधूनच पांढरीफटक रोपं दिसायची, आठ दिवसात मरायची. पात आखूड झाली, गोंडे लहान झाले. मी कारणं शोधत राहिलो. थंडी जास्त पडली, शेणखत कच्चं होतं, फुलकिडे आले. माती तपासली, अहवाल ठीक आला. जस्त दिलं, गंधक दिलं, ह्युमिक सोडलं. बी बिघडलं असेल असा विचार मनात आला नाही, कारण बी तर मी जीव लावून निवडलेलं.

मग २०२३ ला मी त्या वाणाचे अडीचशे कांदे लावले. २०२४ च्या उन्हाळ्यात चार किलो उळं झालं. तीन किलो घरी पेरलं आणि किलोभर मेहुण्याला दिलं. शेजारच्या आप्पांचं रोप त्याच गादीवाफ्यांना लागून होतं. त्यांचं रोप आठव्या आठवड्यात लावणीला आलं. माझं दहाव्या आठवड्यातही हिरव्या दोऱ्यासारखं. काढणीला त्यांच्या ट्रॉलीत कांदा भरला आणि माझ्या ट्रॉलीत गोल्टी. आप्पा बांधावर उभे राहून म्हणाले, "भाऊ, जमीन तीच शे, पाणी तेच शे, मंग बदलनं काय?"

माझा कांदा गेला त्याचं मला फारसं वाटलं नाही. शेतीत जातं. पण मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, उळं तुमचं होतं म्हणून मी दुसरं घेतलंच नाही." त्या वाक्यावर मला झोप आली नाही.

कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या साहेबांना मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी खत विचारलं नाही, पाणी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "उळ्याला दर फेरीला झाडं किती होती?" मी म्हटलं, दहाबारा. ते म्हणाले, "मग वेगळं काही होणारच नव्हतं."

आता त्यामागचं कारण. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

कांद्याच्या फुलात नर भाग आधी पिकतो. त्या फुलाचे परागकण गळून गेल्यावर त्याच फुलाचा स्त्रीकेसर तयार होतो. म्हणजे एका फुलानं स्वतःशीच लग्न लावू नये अशी निसर्गानंच सोय केलेली आहे. पराग मधमाशी दुसऱ्या गोंड्यावरून आणते. त्यामुळं कांद्याचं झाड बहुतेकदा दोन वेगळ्या झाडांचं लेकरू असतं, आणि त्याच्यात प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. अशा झाडांत खूप दोष दबून असतात. एका प्रतीत दोष असला तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते, म्हणून तो दिसत नाही. पण आईबाप नात्यातले असले की दोन्हीकडून तीच खराब प्रत येण्याची शक्यता वाढते, आणि दबलेला दोष वर येतो. माझ्या वाफ्यातली पांढरी रोपं म्हणजे असाच वर आलेला दोष होता. पांढरं रोप डोळ्यांना दिसतं तरी. थोडी कमी मुळं, थोडी आखूड पात, थोडी कमी उगवण, असे बारीक बारीक दोष दिसत नाहीत. त्यांची बेरीज मात्र ट्रॉलीत दिसते. यालाच जोम जाणं म्हणतात.

आपण हे जनावरात बरोबर ओळखतो. शेळ्यांच्या कळपात तोच बोकड तीन-चार वर्षं ठेवला की करडं बारकी होतात, हे पोरालाही माहीत असतं. म्हणून बोकड बदलतो. गावचा वळूही बदलायचे. कांद्याच्या बाबतीत मात्र आपण दहा भावंडं एका वाफ्यात कोंडतो आणि त्याला शुद्ध बियाणं म्हणतो.

याचा हिशोब सोपा आहे, पाटीवर करता येतो. दर फेरीला किती नुकसान होतं? एक भागिले झाडांच्या दुप्पट. दहा झाडं असली तर विसावा भाग, म्हणजे ५ टक्के. पन्नास असली तर १ टक्का. दोनशे असली तर पाव टक्का. एका फेरीत ५ टक्के काही वाटत नाही. पण हे चक्रवाढीसारखं साठत जातं. दहा झाडांवर पाच फेऱ्या केल्या की जवळजवळ २३ टक्के होतं. सख्ख्या भावंडांचा संकर केला तर पुढच्या पिढीत हाच आकडा २५ टक्के येतो. म्हणजे मी दहा वर्षं कडक निवड करून शेवटी भावाबहिणीच्या लेकराच्या जवळपास येऊन ठेपलो. तेच मी दर फेरीला दोनशे झाडं ठेवली असती, तर पाच फेऱ्यांनंतर नुकसान सव्वा टक्क्याच्या आसपास राहिलं असतं. जमीन तीच, मेहनत तीच, फरक फक्त आकड्याचा.

आणखी एक. २०२३ ला मी अडीचशे कांदे लावले होते, मग तेव्हा सुधारायला नको होतं का? नाही. ते अडीचशे त्याच दहाबारा झाडांची नातवंडं-पतवंडं होती. संख्या वाढली, रक्त तेच राहिलं. अरुंद दारातून जे बाहेर राहिलं ते पुढं अंगण मोठं करून परत येत नाही.

यावर काही जण म्हणतील, मग विद्यापीठवाले मुद्दाम एकाच झाडाचं स्वपरागीकरण करून वाण बनवतात ते कसं? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर आपल्या धुळ्यातच आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं बाजरी संशोधन धुळ्याला चालतं. आदिशक्ती हा बाजरीचा संकरित वाण तिथलाच. बाजरीत कांद्याच्या उलट असतं. कणसावर स्त्रीकेसर आधी बाहेर येतात, परागकोष नंतर. पण हेतू तोच, परक्याचा पराग घ्यायचा. पैदासकार कणसाला पिशवी बांधून पिढ्यान्‌पिढ्या स्वपरागीकरण करतात. दर पिढीला उरलेली विविधता निम्मी होते. पाच-सहा पिढ्यांत ओळ एकसारखी होते, आणि बहुतेकदा बुटकी, अशक्त, कमी दाण्याची होते. ती ओळ शेतकऱ्याला द्यायची नसतेच. अशा दोन परक्या ओळींचा संकर केला की पहिल्या पिढीत जोम उसळून येतो. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी मक्यात हे १९०८ साली दाखवलं, आणि संकरित बियाण्याचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला.

म्हणजे पैदासकार जोम घालवतात ते एका कामासाठी, आणि तो परत कसा आणायचा हे त्यांना ठाऊक असतं. आपण जोम घालवतो आणि परत आणायची वाटच ठेवत नाही. शिवाय आपल्या ओळी जगवायलाही ते काळजी घेतात. ओळ एकसारखी झाली की दर वेळी स्वपरागीकरण करत नाहीत, एकाच ओळीतल्या बऱ्याच झाडांचा पराग एकत्र करून भावंडांवर टाकतात. अशक्त रांग दिसली की उपटतात. ओळीच्या दोन-तीन शाखा वेगळ्या ठेवतात. आणि एकदा चांगलं बी झालं की ते थंडीत साठवतात, म्हणजे दरवर्षी नवी पिढी काढावी लागत नाही. पिढ्या कमी, तर झीज कमी. यातलं शेवटचं आपल्यालाही जमण्यासारखं आहे, त्यावर पुढं येतो.

अरुंदपणाचा फटका शास्त्रज्ञांनाही बसलाय. १९६५ साली लुधियानाहून एचबी-१ हा बाजरीचा पहिला संकरित वाण आला. त्याची मादी ओळ अमेरिकेतून आलेली टिफ्ट २३ए. त्यानंतर एचबी मालिकेतले संकर याच एका मादीवर निघाले. उत्पादन वाढलं आणि देशभर पेरा झाला. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगानं कणसांच्या जागी हिरवे झुपके आणले. आपल्या भागातली जुनी माणसं 'बाजरी गोसावी झाली' असं अजून सांगतात. आई एकच, म्हणून तिची कमजोरीही सगळ्या देशाची एकच. माझ्या वाफ्यात जे दहा झाडांनी झालं, तेच देशाच्या पातळीवर एका ओळीनं झालं.

आता हे नीट लक्षात घ्या की सगळ्या पिकांना हा नियम सारखा लागत नाही. गहू, हरभरा, मूग, भुईमूग ही स्वपरागीकरणाची पिकं. त्यांनी दबलेले दोष हजारो वर्षांत गाळून टाकलेत. तिथं पाच चांगल्या झाडांचं बी ठेवलं तरी जोम जात नाही. आपल्या जळगावच्या भरीत वांग्याचंही बरंचसं तसंच. दोनचार उत्तम वांगी पिकवून बी काढणारी आजी चुकत नाही. दोडका-गिलकं-भोपळा ही वेलवर्गीय पिकं परपरागीकरणाची असूनही त्यांना हा त्रास कमी होतो. पण कांदा, मका, बाजरी, सूर्यफूल यांना तो जबर होतो. वांग्याची रीत कांद्याला लावली इथंच आपण फसतो. आजीनं वांग्यात जे बरोबर केलं तेच मी कांद्यात केलं, आणि बुडालो.

ज्या पिकात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, तिथं तर निसर्गानं स्वपरागीकरणाची वाटच बंद केलेली असते. भांगेचं झाड तसं आहे. आपल्याकडं परवान्याशिवाय त्याची लागवड १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानं गुन्हा आहे, आणि शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात पोलिसांनी शेतं उपटल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण परदेशात धाग्यासाठी आणि दाण्यासाठी हेम्प लावतात. तिथले पैदासकार एकसारखेपणासाठी भावंडांतच संकर करत गेले की त्यांच्यापुढंही हेच दुखणं येतं. पीक कोणतंही असो, परक्याच्या परागावर जगणाऱ्या झाडाला घरातच कोंडलं की ते खचतं.

आता माझं म्हणणं.

आपल्याकडं घरच्या बियाण्यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, गावरान ते सगळं दणकट, बाजारातलं सगळं खोटं. दुसरा म्हणतो, घरचं बी म्हणजे मागासलेपण, दरवर्षी पुडी फोडा. दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडतात. घरचं कांद्याचं बी दणकटही असू शकतं आणि मेलेलंही असू शकतं. ते किती झाडांवरून आलं, यावर बरंच ठरतं. आप्पांचं उळंही घरचंच होतं. ते काही निवडायच्या भानगडीत पडत नाहीत. सडका, जोड आणि डेंगळ्याचा कांदा बाजूला करतात आणि उरलेला दीड-दोन गुंठ्यात लावून टाकतात. मी त्यांना हसायचो. त्यांचा कांदा माझ्याइतका देखणा कधी नव्हता, पण दरवर्षी पिकत होता.

आणि थोडा राग मला आपल्या मार्गदर्शनावरही आहे. मी किती शिबिरं केली, किती घडीपत्रिका गोळा केल्या. 'निवडक, जातिवंत, मध्यम आकाराचे कांदे बियाण्यासाठी घ्यावेत' हे वाक्य सगळीकडं. 'किमान किती' हा आकडा मला त्यात भेटला नाही. कोणाला दोष देत नाही, मोठ्या बीजोत्पादन प्लॉटवाल्याला तो लागतच नाही, तो एकरभर लावतो. पण घरापुरतं उळं धरणाऱ्याला निवडक म्हणजे जितकं कमी तितकं चांगलं असंच वाटतं. मी तेच समजलो होतो. कृषी विज्ञान केंद्रातली, विद्यापीठातली जी मंडळी हे वाचत असतील त्यांना हात जोडून विनंती आहे. निवडक या शब्दाच्या पुढं आकडा लिहा. एका आकड्यानं आमची दहा वर्षं वाचतील.

तोवर मी स्वतःपुरते जे नियम केलेत ते सांगतो.

पहिला, गुंठाभर लावा. ६० बाय ३० सेंटीमीटरवर एका गुंठ्यात साडेपाचशे कांदे बसतात. साठ ग्रॅमचा कांदा धरला तर हे झाले तेहतीस किलो, म्हणजे एक गोणीही नाही. सड-मर जाऊनही दोनशेच्या वर झाडं उळ्यावर येतात. दोनशेच्या खाली जाऊ नका.

दुसरा, वाईट काढा, फक्त उत्तम निवडू नका. जोड कांदा, जाड मानेचा, चाळीत लवकर कोंब फुटलेला, रंग सोडलेला, शेतात डेंगळा आलेला, हे सगळे बाद. उरलेल्यातून शेताच्या सगळ्या वाफ्यांतले घ्या, एकाच कोपऱ्यातले नको. व्यापाऱ्याला एकसारखा माल लागतो हे खरं आहे. पण त्याला रंग, आकार आणि मान एकसारखी हवी असते. तेवढ्यावर कडक राहा. आत बाकी विविधता असली तर व्यापाऱ्याला ती दिसत नाही, पिकाला मात्र ती लागते.

तिसरा, गोंडे खुडताना सगळ्या झाडांचं थोडं थोडं घ्या. पाच झाडांना मोठे गोंडे आले म्हणून त्यांचंच निम्मं उळं झालं, तर कागदावर दोनशे झाडं आणि खरी पाच-पन्नासच. पुढच्या डेंगळ्यासाठी जे मूळ उळं राखायचं, ते प्रत्येक झाडाचं सारखं चमचाभर घेऊन वेगळं ठेवा. उरलेलं विकायला, पेरायला मोकळं.

चौथा, अंतर. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणाच्या डेंगळ्यापासून ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर अंतर लागतं. शेजारी पांढऱ्या कांद्याचे डेंगळे असतील तर तुमच्या लालचं कल्याण नाही. पण शेजाऱ्याकडं तोच वाण असेल तर अडचण नाहीच, उलट फायदा आहे. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका. माशी मेली तर पराग आणणार कोण?

पाचवा, फेऱ्या कमी करा. कांद्याचं उळं उघड्यावर वर्षभरात मरतं, म्हणून आपण सारखी फेरी काढतो. पण उळं चांगलं सुकवून, ओल ६ टक्क्यांपर्यंत आणून, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवलं तर काही वर्षं टिकतं. एका चांगल्या फेरीचं मूळ उळं असं राखलं तर दहा वर्षांत पाचऐवजी दोन-तीन फेऱ्यांत भागतं. दरवेळी पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण मात्र बघा.

सहावा, वाण खचलाच असेल तर टाकू नका. त्याच जातीचं, पण वेगळ्या घरात वेगळं राखलेलं उळं आणा. त्याच्या कांद्यांची एक रांग, आपल्या कांद्यांची एक रांग, अशी आलटून पालटून लावा आणि मधमाशीला काम करू द्या. दोन घरांतले दबलेले दोष वेगवेगळे असतात, त्यामुळं एकाची खराब प्रत दुसऱ्याची चांगली प्रत झाकते. पहिल्याच पिढीत जोम परत दिसतो. त्यानंतर पुन्हा दहा कांद्यांवर आलात तर पुन्हा तेच.

यावर हरकत येईल की एका छोट्या शेतकऱ्याला गुंठा अडवणं, अंतर राखणं, माशी सांभाळणं जमत नाही. मान्य. म्हणून माझं खरं म्हणणं असं की कांदा, मका, बाजरी यांचं बी एकट्यानं राखायची गोष्टच नाही. पाच घरांनी एकच वाण धरावा. प्रत्येकानं शंभर कांदे आणावेत, एका शेतात एकत्र लावावेत, उळं एकत्र मिसळावं आणि वाटून घ्यावं. पाचशे झाडांचा वाण झाला आणि प्रत्येकाच्या वाट्याला सहा किलो कांद्याचंच ओझं आलं. आपल्या सातपुड्यात धडगावच्या बाजूला आदिवासी शेतकऱ्यांनी मक्याचे, ज्वारीचे देशी वाण टिकवलेत. मक्याच्या शेतात पराग वाऱ्यानं फिरतो, तो बांध बघत नाही. परपरागीकरणाच्या पिकाचा वाण एका घराचा नसतो, शिवाराचा असतो.

कायद्याचीही भीती बाळगू नका. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकायचा हक्क दिलाय. फक्त दुकानातल्या संकरित पुडीचं पुढचं बी धरून त्याला वाण समजू नका. तैवान ७८६ पपईचं बी धरून फसलेले लोक आपल्याकडं कमी नाहीत. संकराच्या दुसऱ्या पिढीत गुण फुटतात आणि जोम ओसरायला लागतो.

यंदा मी काय केलं ते सांगून थांबतो. माझा खचलेला वाण मी फेकला नाही, कारण त्याचा रंग आणि टिकाऊपणा मला अजून आवडतो. परवा गुंठाभर लावला. एक रांग माझी, एक रांग आप्पांच्या कांद्याची. दोघांची जात मूळ एकच, पण घरं वेगळी. आप्पा मदतीला आले होते. रांगा बघून म्हणाले, "आते व्हयनी सोयरीक." चैत्रात उळं येईल, पुढच्या दिवाळीत रोप टाकेन, आणि ते रोप आठव्या आठवड्यात लावणीला येतं की नाही ते इथंच लिहीन. चांगलं झालं तरी, फसलं तरी.

त्यातलं पहिलं किलोभर उळं मेहुण्याला द्यायचं ठरवलंय. पण या वेळी आधी माझ्या वाफ्यात उगवून बघेन, मगच देईन.

तुम्ही यंदा उळ्याला कांदे लावलेत का? लावले असतील तर जात कोणती, खत कोणतं ते नंतर सांगा. आधी किती लावले तो आकडा सांगा.